मदत हवी आहे: अकोल्यात पोर्टेबल कूलर पहिला तासभर गार, मग नुसती चिकचिक

भाड्याची खोली

नमस्कार मंडळी. अकोल्यात दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो, डोक्यावर थेट स्लॅब. घरमालक खिडकीला स्टँड ठोकू देत नाहीत, म्हणून पत्र्याचा कूलर न घेता चाकांचा, प्लॅस्टिक बॉडीचा ४५ लिटरचा कूलर घेतला. मागे एकच हनीकोंब पॅड (पंपाच्या पाण्याने भिजणारा, खाचाखाचांचा कागदी पॅड) आहे, ३ इंच जाडीचा.

खोली १० बाय १२ फूट, उंची १० फूट. उत्तरेला गॅलरीचं दार, त्याला बाहेरून जाळीचं वेगळं दार. पश्चिमेला एक खिडकी. लागून स्वयंपाकघर, त्याची खिडकी पूर्वेला.

दुपारी १२ ला कूलर लावला की तासभर छान वाटतं. मग हवा दमट होते, अंग चिकटतं, उशी-चादर ओलसर लागते. बाहेरून झळा येतात म्हणून दारं-खिडक्या घट्ट बंद ठेवतो. तापमान-आर्द्रतेचं छोटं मीटर आणलंय: दुपारी ३ ला खोलीत ३३ अंश, आर्द्रता ८० टक्के. कूलरच्या तोंडाशी ३१. बाहेर सावलीत ४२.

टाकी सकाळी भरली की रात्रीपर्यंत पुरते, ती एक चांगली बाजू. पाणी बोअरचं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ९०० च्या आसपास. पाच दिवसांतच पॅडवर पांढरा थर चढलाय आणि कालपासून वासही येतोय.

कूलर बदलून मागू का? बर्फाचा कप्पा आहे, त्यात बर्फ टाकून फरक पडेल का? आणि पांढऱ्या थराचं काय करू?

ओला थर्मामीटर

बदलून मागू नका, कूलर ठीक आहे. दारं-खिडक्या बंद ठेवणं हीच चूक आहे. आणि ज्याला तुम्ही चांगली बाजू म्हणताय, टाकी दिवसभर पुरते, तोच बिघाडाचा पुरावा आहे.

कूलर हवा गार करतो ती पाणी उडवून. एक लिटर पाणी उडताना हवेतून सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता ओढून घेतं. पाणी उडालं नाही तर गारवा नाही. एसी खोलीतलीच हवा फिरवतो आणि तिच्यातलं पाणी बाहेर काढतो, म्हणून त्याला बंद खोली लागते. कूलर हवेत पाणी घालतो. ती ओली हवा बाहेर गेली नाही तर कूलर तीच पुन्हा ओढतो, आणि ८० टक्के ओल्या हवेत पाणी उडायला जागाच उरत नाही.

आकड्यांत बघा. बाहेर ४२ अंश आणि १८ टक्के आर्द्रता असेल तर थर्मामीटरच्या टोकाला ओलं सुती फडकं गुंडाळून पंख्यासमोर धरल्यावर तो २३ च्या जवळ थांबेल. कूलरची हवा यापेक्षा खाली जाऊच शकत नाही. ४२ ते २३ हे १९ अंश म्हणजे तुमचं भांडवल. चांगला भिजलेला ३-४ इंची पॅड त्यातले ७० ते ७५ टक्के मिळवून देतो. म्हणजे तोंडाशी २८-२९ यायला हवेत. तुमच्या बंद खोलीत ३३ अंशाला ८० टक्के आर्द्रता आहे, तिथे हेच ओलं फडकं ३० दाखवेल. भांडवल उरलं ३ अंश. त्यातून ३१ मिळतात, आणि तुमचं मीटर तेच सांगतंय.

आता करायचं काय:

कूलर गॅलरीच्या दारात आणा, पाठ बाहेर, तोंड आत. बाजूला फट राहील ती पुठ्ठ्याने किंवा जाड पडद्याने बंद करा, नाहीतर मागचा पॅड खोलीतलीच हवा त्या फटीतून ओढेल. जाळीचं दार लावून घेतलं तरी चालतं, फक्त जाळी धुळीने बुजलेली नको आणि पॅड व जाळीत किमान ६ इंच अंतर हवं.

मग समोरून हवा बाहेर काढा. तुमची खोली १२०० घनफूट, म्हणजे ३४ घनमीटर. तासाला निदान ३० वेळा हवा बदलायची तर १००० घनमीटरच्या वर हवा लागते. एवढी या आकाराचा कूलर देतो. तेवढ्या हवेला साधारण सव्वा चौरस फुटाची वाट लागते: दीड फूट उंचीची खिडकी असेल तर १० इंच उघडी. पूर्ण उघडू नका, ऊन आणि धूळ आत येते. कमी उघडली तर हवा तुंबते. दार लोटताना आतून दाब जाणवला तर खिडकी अजून दोन बोटं उघडा.

कूलर नीट चालला तर १००० घनमीटर हवेमागे तासाला ७ लिटर पाणी उडेल. ४५ लिटर सहा तासांत संपले पाहिजेत. संपले तर समजा काम झालं.

बर्फाचं गणित एकदाच मांडतो. एक किलो बर्फ वितळून खोलीच्या पाण्याइतका होईपर्यंत ४४० किलोज्यूल शोषतो. पाच किलो बर्फ, २२००. एक लिटर पाणी उडतं तेव्हा याहून जास्त काम होतं, आणि तुमचा कूलर ते नऊ मिनिटांत करू शकतो. बर्फाचे पैसे वाचवा. गच्चीवरच्या टाकीचं तापलेलं पाणी भरावं लागलं तरी काळजी नको, पॅडवरून फिरताना १०-१५ मिनिटांत ते आपोआप उतरतं.

वाळ्याची ताटी

वरचं सगळं बरोबर. एकच भर: खिडकी पश्चिमेची आहे. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी वारा बहुतेक पश्चिमेकडून, वायव्येकडून असतो. तो खिडकीतून आत दाबेल आणि कूलरची हवा अडवेल. वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी खिडकीच्या फटीत धरून बघा. पट्टी बाहेर ओढली गेली पाहिजे. आत फडफडली तर पश्चिमेची खिडकी बंद करा आणि स्वयंपाकघराची पूर्वेची उघडा, मधलं दार उघडं ठेवून. गॅसवर काही चढवलेलं असेल तेव्हा मात्र ज्योतीवर लक्ष द्या. वाऱ्याने ती विझून गॅस सुटायला नको.

छताचा पंखा बंद ठेवा. स्लॅबखाली तापलेल्या हवेचा थर असतो, पंखा तो खाली ढकलतो.

रात्री १० नंतरही स्लॅब उष्णता सोडत असतो, म्हणून अंथरुणात पडल्यापडल्या कूलर बंद करू नका. पहाटे ४ च्या सुमाराला पंप बंद, नुसता पंखा, एवढं पुरतं. पहाटे बाहेरची हवाच थंड आणि थोडी दमट असते. तेव्हा पंप चालू ठेवला तरीही चादरी ओलसर होतात.

पाणीपत्रक

पांढऱ्या थराबद्दल. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. टीडीएस ९०० म्हणजे लिटरमागे ९०० मिलिग्रॅम. हवा नीट खेळायला लागली की दिवसाला १० तासांत ७० लिटर पाणी उडेल, म्हणजे रोज ६३ ग्रॅम क्षार पॅडवर आणि टाकीत. पाच दिवस नुसती वरून भर घालत राहिलात तर तीनशे ग्रॅमच्या वर. वाटीभर मीठ पॅडवर थापल्यासारखंच झालं. आज पाच दिवसांत जो थर दिसतोय तो कमी पाणी उडालं तरी चढलाय. उद्या वेग वाढेल.

म्हणून रोज पंप बंद केल्यावर खालचं बूच काढून उरलेलं पाणी पूर्ण सोडून द्या. ते दहा-बारा लिटर पाणी वाया गेलं असं वाटेल, पण दिवसभराचे क्षार त्यातच साचलेले असतात. संडासात ओता, फरशी धुवा. तुळशीला, कुंड्यांना घालू नका, मुळं जळतात. महापालिकेच्या नळाचं पाणी येतं त्या दिवशी शक्य असेल तर तेच भरा.

आत्ताचा थर काढायला: पॅड बाहेर काढा. मोठ्या टबात १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम लिंबूसत्व विरघळवा, किराण्यात सुटं मिळतं. पॅड अर्धा तास बुडवा. बारीक बुडबुडे येतील, ते थांबले की क्षार सुटले. मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने घासा, आडवं घासलं तर कागद फाटतो. दोन वेळा साध्या पाण्याने धुवून सावलीत वाळवा. हा पॅड कागदाचा असतो, राळेने कडक केलेला. कपड्याची पावडर, संडास साफ करायचं ॲसिड, गाडी धुवायचा जोरदार फवारा, तिन्ही वर्ज्य. ब्लीचिंग पावडर आणि लिंबूसत्व एकत्र कधीच नाही. क्लोरिन वायू निघतो.

परत बसवताना पॅडच्या कडेला बघा. काही पॅडमध्ये एक खाच जास्त उभी असते आणि दुसरी जास्त आडवी. उभी खाच हवा शिरते त्या बाजूला, म्हणजे बाहेरच्या बाजूला, खाली उतरली पाहिजे. उलटा बसला तर थेंब खोलीत उडतात. दोन्ही खाचा सारख्या तिरप्या असतील तर कसाही बसवा.

वासाचं कारण वेगळं. पंप आणि पंखा एकदम बंद केला की पॅड रात्रभर ओला राहतो आणि त्यावर बुळबुळीत शेवाळ धरतं. पंप आधी बंद करा, पंखा १५-२० मिनिटं चालू ठेवून पॅड सुकवा. एवढ्याने वास जातो. अत्तर किंवा फिनेल टाकीत टाकू नका, ते थेट श्वासात येतं.

आणि आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून आतल्या भिंती काथ्याने घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत, आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. हंगाम संपल्यावर कूलर झाकून ठेवण्याआधीही हे करा.

कोकणकडा

पनवेलला हाच कूलर चालेल का?

ओला थर्मामीटर

नाही. ३५ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेत ओलं फडकं २८ च्या वर थांबतं. उत्तम पॅडही ५ अंशांपेक्षा जास्त देणार नाही आणि घरात ओल वाढेल. तिथे साधा पंखा आणि समोरासमोरच्या उघड्या खिडक्या बऱ्या. विदर्भातही पाऊस सुरू झाला की पंप बंद करून कूलर नुसता पंखा म्हणून वापरायचा.

टिल्लू पंप

कोणी विजेचं बोललं नाही, म्हणून लिहितो. दरवर्षी उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं जातात. प्लॅस्टिकची बॉडी असली तरी आत मोटर लोखंडी आहे आणि पंप पाण्यात बुडालेला आहे.

तीन पिनांचा प्लग तीन पिनांच्याच सॉकेटमध्ये. मधे दोन पिनांचा जोड घातला की अर्थिंग तुटलं. भाड्याच्या खोलीत सॉकेटला अर्थिंग आहे का हे वायरमनकडून टेस्टरने नव्हे, दिवा लावून तपासून घ्या: फेज आणि अर्थमध्ये १०० वॉटचा बल्ब पूर्ण उजेडाने पेटला पाहिजे. घरमालक तयार असतील तर मेनला ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. तो बसलेला असेल तर हा बल्ब लावताच तो पडेल, घाबरू नका, ते योग्यच आहे. पाणी भरताना, पॅड काढताना, पंपाला हात लावताना बटण नव्हे, प्लग काढायचा. एक्स्टेंशन बोर्ड फरशीवर ठेवू नका, भिंतीला टांगा.

पंप कोरडा चालला तर जळतो. तळाशी निदान दोन इंच पाणी राहू द्या, आणि पंपाची जाळी दर आठवड्याला धुवा.

भाड्याची खोली

सगळ्यांचे मनापासून आभार. पॅड लिंबूसत्वात धुतला, कूलर गॅलरीच्या दारात लावला, बाजूला पुठ्ठा. कागदाची पट्टी पश्चिमेच्या खिडकीत आत येत होती, म्हणून ती बंद करून स्वयंपाकघराची उघडली. आज दुपारी ३ ला बाहेर ४२, तोंडाशी ३०, खोलीत ३३ पण आर्द्रता ५२. चिकचिक गेली! टाकी सात तासांत संपली. तोंडाशी २८-२९ म्हणाला होता, तेवढं अजून येत नाही. पॅडकडे पाहिलं तर डाव्या बाजूला चार बोटांचा पट्टा फिक्या रंगाचा दिसतोय, बाकी गडद.

टिल्लू पंप

तो पट्टा कोरडा आहे. तिथून ४२ ची हवा तशीच आत येतेय आणि बाकीच्या गार हवेत मिसळतेय. दोन कारणं असतात. पॅडच्या वर आडवी नळी आहे, तिला खालून भोकं आहेत. डावीकडची क्षाराने बुजली असतील. प्लग काढून नळी ओढून काढा, प्रत्येक भोकात स्टोव्हची पिन फिरवा, शेवटचं बूच काढून नळी नळाखाली धरा. दुसरं, गॅलरीच्या दाराशी फरशीला उतार असतो. कूलरवर पाण्याने काठोकाठ भरलेली ताटली ठेवा. पाणी उजवीकडे सांडलं तर डाव्या चाकांखालचा भाग उंच आहे; उजव्या चाकांखाली पुठ्ठ्याच्या घड्या घाला.

मग पंखा बंद ठेवून नुसता पंप दहा मिनिटं चालवा. पॅड वरपासून खालपर्यंत एकसारखा गडद झाला की पंखा लावा आणि तोंडाशी पुन्हा मोजा.

भाड्याची खोली

भोकंच बुजली होती, डावीकडची सहा. आता तोंडाशी २८.५.