दहावीची हजेरी आणि सोमवारची पोटदुखी

बी-३०४: शाळेचं पत्र आलंय. दहावी, सीबीएसई, हजेरी ६८ टक्के. परीक्षेला बसू देणार नाहीत म्हणे. कुणाला काही माहिती?

ए-१०२: ताई, नियम ७५ टक्क्यांचा, मोजणी १ जानेवारीपर्यंत. भरलेले दिवस किती, हजर किती?

बी-३०४: १२० पैकी ८२, सर.

ए-१०२: अजून ४० दिवस शाळा धरली तर एकूण १६०, त्याचे ७५ टक्के १२०. म्हणजे ४० पैकी ३८ दिवस जायलाच हवं. दोनच खाडे परवडतील.

सी-२०१: आजारपणाचा अर्ज त्याच वेळी द्यायचा, सर्टिफिकेटसकट.

बी-५०३: क्लाससाठी शाळा बुडवायची आणि मग ग्रुपवर विचारायचं.

बी-३०४: तुम्हाला विचारलेलं नाही. आधी माझ्या जागेतली गाडी काढा.

सेक्रेटरी: पार्किंग इथे नको 🙏

सी-२०१: आजारपणाचा अर्ज त्याच वेळी द्यायचा. वर लिहिलंय, कुणी वाचत नाही.

ए-१०२: वाचलं हो काका. मोठं आजारपण, आई-वडिलांचं निधन, राष्ट्रीय स्पर्धा अशा कारणांना कागदपत्रं पाहून सूट मिळते. क्लास हे कारण धरत नाहीत.

डी-१०५: आमची सहावीतली सोमवार आला की पोट दुखतं म्हणते. महिन्याला दोनच खाडे, एवढं काय त्यात?

ए-१०२: शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीला वर्षाला किमान २२० दिवस. महिन्याला दोन खाडे म्हणजे वर्षाचे दहा टक्के होत आले, आणि सततची गैरहजेरी तिथूनच धरतात. सोमवारी अपूर्णांकांचा गुणाकार झाला, मंगळवारी भागाकार. तिला मंगळवारी काहीच कळत नाही, मग बुधवारीही पोट दुखतं.

ए-६०२: आधी एकदा डॉक्टरांना दाखव गं. फक्त शाळेच्याच दिवशी दुखत असेल तर वेळापत्रक समोर घे. सोमवारी पहिला तास कुठला, बसमध्ये शेजारी कोण? "शाळेत का जात नाहीस" नको, "कुठला तास नकोसा वाटतो" असं विचार. घरी राहिली तर टीव्ही, मोबाइल बंद.

बी-५०३: रविवारी रात्री बारापर्यंत जागरण, ते कोण बघणार?

ए-६०२: बरोबर आहे. सुट्टीतही उठायची वेळ तासाभराहून जास्त सरकू देऊ नये.

सी-२०१: आजारपणाचा अर्ज त्याच वेळी द्यायचा.

सेक्रेटरी: काका 🙏🙏

बी-३०४: सर, शाळेनेच स्पर्धेला पाठवलेले दिवस गैरहजर लागलेत.

ए-१०२: मग उद्याच मुख्याध्यापकांना लेखी द्या. तारखा, स्पर्धेचं नाव, सोबत गेलेल्या शिक्षकांची सही. दोन प्रती न्या, एकीवर पोच म्हणून शिक्का घ्या. आकडे बोर्डाकडे गेल्यावर दुरुस्ती अवघड.