लहान उघडं स्वयंपाकघर: ओट्यावरची यंत्रं ठेवायची कुठे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

स्वयंपाकघर नव्याने करायला घेतलं आहे. सुतारकाम सुरू व्हायच्या आत एका प्रश्नाचं उत्तर मिळालं तर फार बरं होईल, कारण एकदा प्लाय कापलं की मग फेरफार अवघड.

आधी जागा सांगते. मुख्य भिंत ३०० सेंमी. तिच्या डाव्या टोकाला फ्रिज (६५), मग खिडकीखाली सिंक (६०), मग ६० सेंमी मोकळा ओटा, मग शेगडी (६०) आणि उरलेला ५५ चा कोपरा. त्या कोपऱ्यातून ओटा काटकोनात वळून हॉलच्या बाजूने पुढे येतो, भिंतीपासून एकूण १८० सेंमी. म्हणजे कोपरा सोडला तर तिथे १२० सेंमी सलग ओटा मिळतो आणि खरं काम तिथेच होणार. फ्रिजच्या समोर, १८० सेंमी अंतरावर, भिंतीचा ७५ सेंमीचा एक तुकडा आहे. बाकी सगळं हॉलला उघडं. ओट्याची खोली ६०, उंची ८५.

यंत्रं पाच: मायक्रोवेव्ह (रुंदी ४८, खोली ४०, उंची २८), मिक्सर, केटल, टोस्टर आणि एअर फ्रायर. सगळी ओट्यावर मांडली तर भाजी चिरायलाही जागा उरत नाही, आणि सोफ्यावर बसलं की नजर सरळ त्यांच्यावर जाते. शिवाय शेगडीच्या आसपासच्या वस्तूंवर तेलकट थर बसतो, तो पुसत राहणं हे वेगळंच काम. म्हणून कपाटात बंद करावं असं वाटतं.

पण माझी खरी काळजी दुसरीच आहे. आई माझ्याबरोबर राहते आणि स्वयंपाक मुख्यतः तीच करते. तिच्या मनगटाला वजन झेपत नाही. मिक्सर खालच्या ट्रॉलीत ठेवला तर पाच-सहा किलोचं यंत्र वाकून उचलणं तिला शक्य नाही. ती मला सांगणारही नाही, मिक्सर वापरणंच सोडून देईल. जे यंत्र उचलून काढावं लागतं ते हळूहळू वापरातून जातं, असं मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे. तिच्या बाबतीत तसं व्हायला नको आहे.

सुतारकाकांनी सुचवलंय की कोपऱ्यात ओट्यावरच एक तिरकं कपाट करू, वरून खाली ओढायचं रोलिंग शटर लावू, आत पॉइंट देऊ. यंत्रं जागेवरच राहतील, वापरायची वेळ आली की शटर वर. कल्पना मला आवडली आहे. कोणी असं कपाट वापरलं आहे का? दुसरा पर्याय म्हणजे ७५ च्या भिंतीवर ६० सेंमी रुंदीचं टॉल युनिट, म्हणजे जमिनीपासून वरपर्यंतचं उंच कपाट. दोन्हींपैकी काय करावं?

प्रतिसाद

ताई, तुमचीच मापं पुन्हा वाचा. कोपरा शेगडीला अगदी लागून येतोय. म्हणजे शटरचं कपाट शेगडीच्या काठावरच उभं राहणार. तिथे उष्णता आणि तेलाची वाफ दोन्ही थेट पोचतील. रोलिंग शटर अरुंद पट्ट्यांचं असतं आणि दोन बाजूंच्या खाचांतून सरकतं. त्या खाचांत चिकटपणा साचला की शटर अडकायला लागतं आणि ते ओढायला जोर लागतो, म्हणजे पुन्हा आईंच्या मनगटावरच ताण. शेगडीच्या दोन्ही बाजूंना भांडं उतरवून ठेवायला मोकळी जागाही हवी. मी फर्निचरच्या कामात आहे. कोपरा शेगडीपासून दूर असता तर मीही हेच कपाट सुचवलं असतं, पण इथे नको.

टॉल युनिट करा. फक्त ६० चं का? भिंत ७५ आहे तर ७० घ्या. कारण सांगतो. दारं उघडी ठेवून काम करायचं असेल तर बाहेर उघडलेली दारं वाटेत येतात. त्यासाठी उघडल्यावर बाजूने आत सरकणारी दारं बसवतात, पण त्यांच्या यंत्रणेला प्रत्येक बाजूला साधारण ५ सेंमी जागा जाते. ६० च्या युनिटमधून १८ मिमीच्या दोन बाजू वजा करा, उरतात ५६.४. त्यातून १० गेले की ४६.४. तुमचा मायक्रोवेव्ह ४८ चा आहे, बसणारच नाही. ७० च्या युनिटमध्ये ५६ च्या वर जागा मिळते. तरी बाजूला आणि वर किती मोकळी हवा लागते ते माहितीपुस्तिकेत बघा आणि चालू असताना दारं उघडी ठेवा. खोली ६० च ठेवा, कारण मागे प्लगलाच पाच-सहा सेंमी लागतात.

मायक्रोवेव्हचा कप्पा उंच चढवू नका. गरम भांडं खांद्याच्या वरून उतरवणं कोणालाही धोक्याचं, आईंना तर जास्तच. तळ ११० सेंमीच्या आसपास ठीक. त्याखाली ओट्याच्याच उंचीवर बाहेर सरकणारी फळी करा, केटल आणि टोस्टरसाठी. केटल कपाटाच्या आत चालवायचीच नाही, फळी पूर्ण बाहेर ओढून मगच सुरू करायची. नाहीतर वाफ वरच्या फळीवर आदळते आणि वर्षभरात लॅमिनेटच्या कडा सुटून प्लाय फुगतो. मी अशी कपाटं दुरुस्त करतो, कारण जवळजवळ नेहमी हेच असतं.

विजेचं काम आत्ताच करून घ्या. केटल १५०० वॅट, एअर फ्रायर १५००, मायक्रोवेव्ह १२०० धरला तर एकत्र ४२०० होतात. २३० व्होल्टला १६ अँपिअरच्या एका पॉइंटवर जास्तीत जास्त ३६८० वॅट. त्यामुळे टॉल युनिटमध्ये निदान दोन स्वतंत्र लाइन ओढायला सांगा. एक्स्टेन्शन बोर्डावर तापणारी यंत्रं अजिबात नकोत.

प्रतिसाद

वरच्या सगळ्याशी सहमत, पण मिक्सरचं उत्तर अजून मिळालेलं नाही. माझं मत असं की मिक्सर लपवूच नका. तो हॉलच्या बाजूच्या १२० च्या ओट्यावर कायमचा राहू द्या आणि त्या ओट्याच्या हॉलकडच्या कडेला २० सेंमी उंच कठडा बांधून घ्या. भांडं काढल्यावर मिक्सरचं बूड साधारण तेवढंच उंच असतं, त्यामुळे सोफ्यावरून ते जवळजवळ दिसत नाही. चिरलेलं, सांडलेलं, धुवायचं राहिलेलंही त्याच्याआड जातं. कठड्याच्या आतल्या बाजूला पॉइंट द्या म्हणजे वायर ओट्यावर लोळत नाही.

मिक्सरची भांडी बरोबर खालच्या पहिल्या ट्रॉलीत. आईंना फक्त भांडं उचलायचं, यंत्र नाही. ही ट्रॉली पूर्ण बाहेर येणाऱ्या चॅनलवरच (सरकत्या पट्ट्यांवर) बसवा. अर्धवट उघडणाऱ्या ट्रॉलीत मागची भांडी वर्षानुवर्षं तशीच पडून राहतात. बूड रबरी मॅटवर ठेवलं तर आवाजही कमी होतो, उघड्या स्वयंपाकघरात त्याचा फरक जाणवतो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. शेगडी आणि कोपऱ्याची गोष्ट माझ्या लक्षात आलीच नव्हती. काल आईला ओट्यापाशी उभं करून हातवारे करून सगळं दाखवलं. कठडा तिला एकदम पटला. मिक्सर जागेवर राहणार म्हटल्यावर तिचा चेहरा सैल झाला, तेव्हा तो प्रश्न सुटला. टॉल युनिट ७० चं नक्की. एअर फ्रायर आठवड्यातून एखाद्या वेळी लागतो आणि तो मीच वापरते, त्यामुळे तो युनिटच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात जाईल. लागेल तेव्हा मी उचलून ओट्यावर आणीन, मागून गरम हवा निघते म्हणून तिथेही भिंतीपासून लांब ठेवीन.

एकच शंका उरली. केटल ठेवलेली फळी बाहेर ओढली आणि आईचा धक्का लागून ती आत सरकली तर? उकळतं पाणी आहे, म्हणून विचारते.

प्रतिसाद

रास्त शंका आहे. बाहेर ओढल्यावर जागीच अडकणारं चॅनल मिळतं. खटका दाबल्याशिवाय ते आत जात नाही. सुतारकाकांना तेच आणायला सांगा आणि बसवण्याआधी खटका आईंच्या हाताने दाबून बघा. काही खटके फार घट्ट असतात. वजनाची क्षमताही विचारा, ३० किलो पेलणारं पुरेसं होईल. फळीच्या पुढच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडांना दोन-अडीच सेंमीची पट्टी लावून घ्या, म्हणजे फळी झटक्यात थांबली तरी केटल घसरून खाली येणार नाही. आणि केटलची वायर मोजताना फळी पूर्ण बाहेर असताना मोजा. मागचा पॉइंट लांब पडला तर वायर ताणली जाते, तसं असेल तर पॉइंट युनिटच्या बाजूच्या फळीवर पुढे आणून घ्या.