प्रतिसाद: सुनावणी कोणाच्या आस्थापनेवर?

विषयाची जाण असलेले प्रशासकीय न्यायाधीश (म्हणजे सरकारी खात्यांच्या कारवाईवर सुनावणी घेणारे अधिकारी) त्या-त्या खात्यातच असावेत, सर्व खात्यांसाठीच्या एकाच मध्यवर्ती संस्थेत ती जाण पातळ होते, असा एक मुद्दा मांडला जातो; तो अगदीच चुकीचा नाही. परंतु एखाद्या परिचारिकेचा परवाना रद्द करण्याची कारवाई परवाना मंडळ सुरू करते, आरोप तेच ठेवते, आणि सुनावणी घेणारा अधिकारीही त्याच मंडळाच्या पगारावर असेल, तर निकाल कितीही निःपक्षपाती असला तरी तिला तो तसा वाटणे कठीणच.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने १९४५ सालीच सुनावणी अधिकाऱ्यांची मध्यवर्ती व्यवस्था उभी केली आणि पुढे अनेक राज्यांनी तोच कित्ता गिरवला. (अमेरिकेच्या संघराज्य पातळीवर मात्र हे न्यायाधीश आजही आपापल्या खात्यांतच आहेत.) जाणकारीचे म्हणाल, तर डॉक्टरांच्या प्रकरणांसाठी कॅलिफोर्नियाने त्याच मध्यवर्ती कार्यालयात वेगळा न्यायाधीशगट ठेवला आहे.

माझ्या मते खरी मेख अंतिम शब्द कोणाचा यात आहे. कॅलिफोर्नियात परवान्याच्या प्रकरणांत न्यायाधीश सहसा प्रस्तावित निर्णय देतो आणि तो स्वीकारायचा की बदलायचा हे मंडळ ठरवते, म्हणजे स्वतंत्र सुनावणीनंतरही फाइल परत आरोप ठेवणाऱ्याच्याच टेबलावर येते. अमेरिकेच्याच लुईझियाना राज्याने उलट टोक गाठले: तिथे मध्यवर्ती सुनावणीचा कायदा लागू असलेल्या खात्यांवर न्यायाधीशाचा निर्णय बंधनकारक आहे आणि खात्याला त्याविरुद्ध न्यायालयीन पुनर्विलोकनही (न्यायालयाकडून फेरतपासणी) मागता येत नाही. तिथल्या विमा आयुक्तांनी याला आव्हान दिले, पण २००५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था वैध ठरवली. मला हे थोडे अतिच वाटते. चूक न्यायाधीशाचीही होऊ शकते, आणि तेव्हा दाद मागण्याची वाट दोन्ही पक्षांना खुली हवी.