मदत हवी आहे: बाबांची जुनी फाइल सापडली, आजार नेमका सुरू कधी झाला होता?

नमस्कार मंडळी,

बाबांना जाऊन १२ वर्षं झाली. वय फक्त ५२. पहाटे उठून छातीत दुखतंय म्हणाले आणि दीड तासात सगळं संपलं. आई आजही तेच वाक्य घोळवत असते, "अर्धा तास आधी निघालो असतो तर..."

गेल्या आठवड्यात कपाट आवरताना त्यांची फाइल हाती लागली. रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, नोकरीतल्या वार्षिक तपासणीचे कागद, सगळं तारखेनुसार लावलेलं. मी ती उलटी, शेवटच्या कागदापासून पहिल्याकडे वाचत गेले. तेव्हापासून धड झोप नाही.

त्यात काय आहे ते लिहिते. ३८ व्या वर्षी रक्तदाब १४६/९४, शेजारी पेनाने 'पुन्हा तपासा'. पुन्हा तपासल्याचा कागद कुठेच नाही. ४३ व्या वर्षी उपाशीपोटी शुगर ११८, शेरा 'काठावर'. ४६ व्या वर्षी तीच १६८, तेव्हा गोळ्या सुरू झाल्या. ४८ व्या वर्षी लघवीत प्रथिनं 'एक अधिक' (१+), क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारा रक्तातला आकडा) १.१ आणि त्यापुढे 'नॉर्मल'. ५० व्या वर्षी क्रिएटिनिन १.६. वजन दर तपासणीला किलो-दीड किलोने चढलेलं. सिगारेट विशीपासून होती, ती ४७ व्या वर्षी सुटली. आणि फाइलीत नसलेली एक गोष्ट: आजी सांगायची की बाबा जन्मले तेव्हा ओंजळीत मावतील एवढेसे होते.

आमच्या घरात सगळे धरून चाललो होतो की बाबांना शुगर ४६ व्या वर्षी 'लागली' आणि हृदयाचं दुखणं त्या पहाटे आलं. आता ती फाइल तसं सांगत नाही.

मला तीन गोष्टींत मदत हवी आहे. हे सगळं खरोखर कधी सुरू झालं असेल, आणि वाटेत कुठे थांबवता आलं असतं का? क्रिएटिनिन 'नॉर्मल' असताना किडनी बिघडत होती का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, माझा धाकटा भाऊ ३३ वर्षांचा आहे, सिगारेट ओढतो, आजवर एकदाही बीपी मोजलेलं नाही. "मला काही होत नाहीये, मग तपासू कशाला?" हे त्याचं ठरलेलं उत्तर. त्याच्याशी कसं बोलू? मी स्वतः पुढच्या महिन्यात ३८ पूर्ण करतेय, म्हणजे त्या पहिल्या कागदाच्या वयाला पोचतेय.

जाणकारांनी कृपया वेळ काढून लिहा. कडू असलं तरी चालेल.

प्रतिसाद १

मी फिजिशियन आहे, रोज मधुमेह-रक्तदाबाचेच रुग्ण बघते. तुमच्या वडिलांना तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल निदान करणार नाही. पण असा प्रवास शरीरात कसा होतो ते सांगू शकते.

धमन्यांपासून सुरू करू. कोरियन युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची शवविच्छेदनं करून १९५३ मध्ये एक अहवाल छापला गेला. सरासरी वय २२. त्यातल्या तीन-चतुर्थांशाहून जास्त जणांच्या हृदयाच्या धमन्यांत नुसत्या डोळ्यांनी दिसतील असे बदल होते. ही धडधाकट, लढाईला योग्य ठरवलेली मुलं होती. पुढे १९७३ पासून अमेरिकेतल्या बोगालुसा गावात मुलांचा पाठपुरावा झाला, त्यात अपघातांत वगैरे दगावलेल्या कोवळ्या मुलांच्या धमन्यांतही चरबीचे पट्टे सापडले. वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल जितकं जास्त, तितके ते पट्टे जास्त. म्हणजे ५२ व्या वर्षी ज्या थराला तडा जाऊन गुठळी होते, तो थर साचायला अनेक दशकं लागलेली असतात.

रक्तदाबाचं गणित फार जणांना ठाऊक नसतं. दहा लाख लोकांच्या माहितीवरून २००२ मध्ये असं दिसलं की ४० ते ६९ या वयात वरचा आकडा २० ने वाढला की हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने मरण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. आणि ही चढण १४० ला सुरू होत नाही, ११५ पासूनच असते. १४० ही उपचारासाठी आखलेली रेघ आहे. शरीराला ती रेघ माहीत नाही.

शुगरचंही तसंच. ब्रिटनमध्ये १९७७ पासून मधुमेहाचा एक फार मोठा अभ्यास चालला. निदान झालं त्या दिवशीच रुग्णांच्या स्वादुपिंडाची इन्शुलिन बनवायची ताकद निम्म्यावर आलेली होती, आणि जवळपास निम्म्या जणांत डोळे, नसा, रक्तवाहिन्या यांपैकी कुठेतरी इजा झालेली होती. तेव्हा वडिलांना शुगर ४६ व्या वर्षी 'सापडली' म्हणा. सुरुवात बहुधा त्या 'काठावर' शेऱ्याच्याही आधीची.

आता किडनी. तिच्याकडे राखीव क्षमता भरपूर असते, उरलेले भाग जास्त काम ओढतात. त्यामुळे गाळण्याची क्षमता निम्मी जाईपर्यंत क्रिएटिनिन 'नॉर्मल'च्या रकान्यात राहू शकतं. लघवीतली प्रथिनं हा त्याआधीचा इशारा असतो. त्या कागदावर महत्त्वाचा आकडा १.१ नव्हता, ते 'एक अधिक' होतं. किडनीचा आजार असलेले बरेच लोक डायलिसिसपर्यंत पोचतच नाहीत, त्याआधी हृदय दगा देतं. रक्तदाब किडनीला मारतो, बिघडलेली किडनी रक्तदाब वाढवते, शुगर हृदय आणि किडनी दोघांच्या धमन्या पोखरते, धूर त्यात भर घालतो. आपण चार फायली करतो, शरीरात ती एकच गोष्ट चालू असते.

आजीच्या बोलण्याबद्दल: डेव्हिड बार्कर या ब्रिटिश डॉक्टरांनी इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर परगण्यातली १९११ पासूनची बाळांच्या वजनांची वह्यांमधली नोंद शोधून काढली, आणि कमी वजनाची बाळं मोठेपणी हृदयविकाराने जास्त प्रमाणात गेल्याचं १९८९ मध्ये दाखवलं. गर्भात अन्न कमी मिळालं की शरीर काटकसरीने घडतं, किडनीतल्या गाळण्या कमी बनतात, पुढे वजन वाढलं की ताण जास्त पडतो. याने धोका थोडा वाढतो, ललाटरेषा ठरत नाही.

आईंना काय सांगायचं हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी लिहिते. अटॅकमध्ये वेळेला किंमत असते, ते मी नाकारणार नाही. पण त्या अर्ध्या तासाच्या मागे ३० वर्षं उभी होती, आणि त्यातला बराच काळ वडिलांना स्वतःलाही काही जाणवत नव्हतं.

प्रतिसाद २

भावासाठी एक आकडा देतो, माझ्यावर याचाच परिणाम झाला होता. ब्रिटिश डॉक्टरांचा १९५१ पासून ५० वर्षं पाठपुरावा झाला. कायम सिगारेट ओढणारे सरासरी १० वर्षं आधी गेले. साठीत सोडणाऱ्यांनी ३ वर्षं परत मिळवली, पन्नाशीत ६, चाळिशीत ९, तिशीत सोडणाऱ्यांनी जवळजवळ सगळी १०. तुमचा भाऊ ३३ चा आहे! त्याला भीती घालू नका, अजून केवढं हातात आहे ते सांगा. मी ४१ व्या वर्षी सोडली. तिसऱ्या प्रयत्नात जमलं, हेही सांगा, म्हणजे पहिल्यांदा फसलं तर तो सोडून देणार नाही.

फुप्फुसांचं मात्र गेलेलं परत येत नाही. विशीत क्षमता सर्वांत जास्त असते, पुढे ती सगळ्यांचीच हळूहळू उतरते, ओढणाऱ्याची भरभर. सोडल्यावर उतार पुन्हा इतरांसारखा सौम्य होतो, एवढंच.

प्रतिसाद ३

माझी आई ५७ व्या वर्षी गेली, पक्षाघाताने. मीही असेच कागद लावत बसले होते. एक विनंती आहे. फाइल आईला दाखवण्याआधी दहादा विचार करा. आज त्या स्वतःला अर्ध्या तासाचा दोष देतात. ते 'पुन्हा तपासा' वाचलं तर तोच दोष १४ वर्षांवर पसरेल. माझ्या वडिलांच्या बाबतीत मी ही चूक केली, आणि निस्तरायला फार वेळ लागला.

आणि तुम्हीसुद्धा. ३८ व्या वर्षी त्यांनी पुन्हा तपासलं नाही, कारण तेव्हा त्यांना दोन लहान मुलं होती, नोकरी होती आणि काहीही दुखत नव्हतं. ब्रिटनमध्ये सरकारी कर्मचाऱ्यांचा १९६७ पासून जो अभ्यास झाला, त्यात खालच्या हुद्द्यावरचे लोक वरच्यांपेक्षा लवकर गेले, आणि सिगारेट-रक्तदाब सगळं हिशेबात धरूनही तो फरक पूर्ण सुटला नाही. माणूस कसा जगतो, त्याच्या वेळेवर त्याचा किती ताबा असतो, हेही शरीरात उतरतं. सगळं त्या एकट्या माणसाच्या निष्काळजीपणावर टाकू नका.

धागाकर्तीचा प्रतिसाद

तिघांचेही मनापासून आभार. प्रतिसाद ३, तुमचं वाचून रडले, आणि फाइल परत कपाटात ठेवून दिली.

डॉक्टर, काल भावाला फोन करून तुमचं ते '१४० ची रेघ शरीराला माहीत नाही' वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, मशीन घेऊन ये. नेमकं मोजायचं कसं आणि तपासण्या कोणत्या?

प्रतिसाद १

पाच मिनिटं शांत बसून, पाठीला टेकू, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीवर. त्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, सिगारेट नाही. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी ती १३५/८५ च्या वर असेल तर रक्तदाब वाढलेला धरतात.

रक्तात उपाशीपोटी शुगर किंवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा), कोलेस्टेरॉलचा पूर्ण तक्ता, क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेली किडनीची गाळणक्षमता. लघवीत अल्ब्युमिन (एक प्रथिन), हे आवर्जून सांगून करून घ्या, बऱ्याचदा राहून जातं. लायपोप्रोटीन-ए (रक्तात कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण) आयुष्यात एकदा केलं तरी पुरतं, ते बरंचसं आनुवंशिक असतं. वडिलांना ५५ च्या आत अटॅक आला, ही माहिती डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात द्या. हे सगळं तुम्हालाही लागू आहे.

काठावर सापडलं तर घाबरू नका, काठावरच सगळ्यात जास्त करता येतं. चीनमधल्या दाचिंग शहरात १९८६ मध्ये अशाच काठावरच्या ५७७ जणांना घेतलं होतं. ज्यांना सहा वर्षं आहार-व्यायाम नीट करायला मदत मिळाली, त्यांचा मधुमेह जवळपास चार वर्षं लांबला, आणि ३० वर्षांनी मोजलं तेव्हा हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने होणारे मृत्यू त्यांच्यात एक-तृतीयांशाने कमी होते.

धागाकर्तीचा प्रतिसाद

नऊ दिवसांनी लिहितेय.

भाऊ आठवडाभर आमच्याकडेच राहिला. तिसऱ्या दिवशी तो मोजत असताना आई वही घेऊन शेजारी बसली आणि आकडे लिहायला लागली, तारीख, वेळ, डावा हात की उजवा. अक्षर ओळखीचं वाटलं म्हणून नंतर फाइल काढून पाहिली. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात तारीख त्याच अक्षरात आहे. ती फाइल बाबांनी लावलेलीच नव्हती. आईने लावली होती. तिला ते सगळे आकडे केव्हाचे ठाऊक आहेत.

रात्री तिच्याजवळ बसले आणि डॉक्टरांचं ३० वर्षांचं सांगितलं. ती म्हणाली, "त्या वेळी मी दोनदा म्हटलं होतं त्यांना, परत दाखवून या." एवढंच. अर्ध्या तासाचं वाक्य तिने पुन्हा काढलं नाही. कदाचित उद्या काढेल.

भावाची सरासरी १३८/८८. एचबीएवनसी ५.८, म्हणजे काठावर. लघवीत अल्ब्युमिन नाही. माझं सगळं ठीक आहे, फक्त एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) जास्त, १४२. सिगारेट तो चार दिवस ओढलेला नाही. आता पुढचं पाऊल काय?

प्रतिसाद १

याच आठवड्यात दोघं एकत्रच तुमच्या डॉक्टरांना दाखवा, वही आणि वडिलांची फाइल दोन्ही बरोबर न्या. औषध लागेल की आधी काही महिने वजन, मीठ आणि व्यायामावर पाहायचं, ते समोर तपासून ठरेल. एलडीएलही घरातला इतिहास धरूनच बघायला सांगा. लघवीत काही नाही ही फार चांगली बातमी आहे. आणि कागदावर 'पुन्हा तपासा' असं लिहून मिळालं, तर तिथेच बसून त्यापुढे तारीख घालून घ्या.