जुनी नाणी ग्रेडिंगला पाठवण्याआधी साफ करायची का?

प्रश्न: आजोबांच्या डब्यात चांदीची काही नाणी सापडली, एकावर कडेकडेने निळसर-जांभळा रंग चढलाय, ग्रेडिंगला (म्हणजे तज्ज्ञांकडून दर्जा ठरवून घ्यायला) पाठवायचीयत तर आधी पॉलिश करू का?

उत्तर: अजिबात हात लावू नका!! तो रंग म्हणजे टोनिंग, कित्येक वर्षांनी येतं ते, आणि घासलेलं नाणं भिंगाखाली लगेच कळतं, बारीक रेघा दिसतात, मग दर्जाचा १ ते ७० मधला आकडा न देता नुसतं 'डिटेल्स, क्लीन्ड' (म्हणजे साफ केलेलं) लिहून परत पाठवतात. माझं एक असंच गेलं, अजून वाईट वाटतं.

उत्तर: बरोबर. धरताना फक्त कडेला धरा, पीव्हीसीचं पाकीट नको, हिरवट चिकट थर येतो.

प्रश्नकर्ता: बापरे, पॉलिशची बाटली उघडलीच होती! थँक्यू.