ब्लूबेल रेल्वे: हॉर्स्टेड कीन्सला उतरावं का?

लंडनला लेकीकडे आलोय, ब्लूबेल या जपून ठेवलेल्या जुन्या रेल्वेमार्गावरच्या वाफेच्या गाडीत बसायचंय. मधल्या हॉर्स्टेड कीन्स स्टेशनला उतरण्यात अर्थ आहे का?

» उतराच काका! गाव लांबे पण मजा स्टेशनातच आहे, आडरानात चक्क पाच प्लॅटफॉर्म, सगळं १९२०-३० च्या सदर्न रेल्वे या ब्रिटिश कंपनीच्या काळासारखं ठेवलंय आणि जुन्या डब्यांची दुरुस्तीही तिथंच चालते.

» लंडनहून ईस्ट ग्रिन्स्टेडपर्यंत साधी लोकल येते, शेजारीच ब्लूबेलचा प्लॅटफॉर्म. ब्लूबेलच्या मार्गाचा हा शेवटचा तुकडा २०१३ ला सुरू झाला, त्याआधी तिथं रुळांच्या जागी कचरा भरलेला, तो सगळा उपसला बोला!

» पांढरा शर्ट नको हां, कोळशाचे कण उडतात. आणि परतीची शेवटची गाडी आधीच बघून ठेवा.