प्राण्यांच्या आवाजातही प्रदेशागणिक फरक असतो का?

प्रश्न (जिज्ञासू)

दर बारा कोसांवर भाषा बदलते, असे आपण माणसांबद्दल म्हणतो. एकाच जातीच्या प्राण्यांच्या आवाजातही असा फरक पडतो का? कोंबड्याचे आरवणे मराठीत 'कुकुचकू', फ्रेंचमध्ये 'कोकोरिको' आणि जर्मनमध्ये 'किकेरिकी' होते, तो फरक ऐकणाऱ्यांच्या भाषेचा आहे, हे मला समजते. माझा प्रश्न प्रत्यक्ष आवाजाविषयी आहे. इंग्लंडमधील गायी आपापल्या भागाच्या धाटणीने हंबरतात, अशी बातमी २००६ साली आली होती. तिच्यात कितपत तथ्य होते?

प्रतिसाद (रानशीळ)

ती बातमी शेतकऱ्यांच्या सांगण्यावर आधारलेली होती. ध्वनिमुद्रणे मोजून केलेला अभ्यास तिच्यामागे नव्हता. मात्र आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे, आणि त्याचा सर्वांत भक्कम पुरावा पक्ष्यांकडून मिळतो. पीटर मार्लर आणि मिवाको तामुरा यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातील व्हाइट-क्राउन्ड स्पॅरो या चिमणीच्या नरांची गाणी तपासली, तेव्हा थोड्याशा अंतरावरच्या वस्त्यांमध्येही गाण्याचा साचा स्पष्टपणे वेगळा आढळला. हे निष्कर्ष १९६४ साली प्रसिद्ध झाले. एका भागातील पिल्लाला कोवळ्या वयात दुसऱ्या भागातील गाणे ऐकवले, तर ते तेच गाणे उचलते, आणि काहीच ऐकू न देता वाढवलेल्या पिल्लाचे गाणे कायमचे बेढब राहते, हे मार्लर यांच्या पुढील प्रयोगांतून दिसले. म्हणजेच फरक रक्तातून न येता कानांवाटे येतो. माझ्या मते 'बोली' हा शब्द जपून वापरायचा असेल, तर हीच त्याची कसोटी असावी.

प्रतिसाद (सागरतळ)

वरील कसोटी मान्य आहे. तिला देवमाशांचे उदाहरण जोडतो. स्पर्म व्हेल एकमेकांशी 'टक्-टक्' अशा ठोक्यांच्या ठरावीक लयीत संवाद साधतात. गालापागोस बेटांजवळ काही कुटुंबे सारख्या अंतराने ठोके देतात, तर काही कुटुंबे शेवटच्या ठोक्याआधी किंचित थांबतात. हे दोन्ही गट एकाच पाण्यात वावरतात, पण संगत आपापल्या बोलीच्या कुटुंबांशीच ठेवतात, त्यामुळे येथे बोलीची सीमा नकाशावर आखता येत नाही.

हंपबॅक देवमाशांचे तर याहून विलक्षण आहे. १९९६ साली ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर ध्वनिमुद्रण केलेल्या ८२ नरांपैकी केवळ दोघे पश्चिम किनाऱ्यावरचे गाणे गात होते. १९९८पर्यंत पूर्वेकडील सर्व नरांनी जुने गाणे टाकून तेच स्वीकारले होते.

प्रतिसाद (पाणवठा)

एक सावधगिरी नोंदवणे मला आवश्यक वाटते. आवाज वेगळा आला की लगेच बोली म्हणणे चुकीचे ठरू शकते. युरोपातील पिपिस्ट्रेल वटवाघळांपैकी काहींची हाक सुमारे ४५ किलोहर्ट्‌झवर, तर काहींची सुमारे ५५ किलोहर्ट्‌झवर असते, आणि पुढे हे दोन गट म्हणजे दोन स्वतंत्र जातीच आहेत, हे सिद्ध झाले. काही वेळा परिसराचाही परिणाम असतो: नेदरलँड्समधील लेडन शहरात जिथे गोंगाट जास्त, तिथे ग्रेट टिट पक्ष्याच्या गाण्यातील सर्वांत खालचे स्वर अधिक उंच असतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

प्रतिसाद (जिज्ञासू)

सर्वांचा मनापासून आभारी आहे. मग गायीगुरांसारख्या पाळीव जनावरांत असे काहीच घडत नाही, असे समजावे का?

प्रतिसाद (रानशीळ)

तसे ठामपणे म्हणू नये. एलोडी ब्रीफर आणि अ‍ॅलन मॅकएलिगॉट यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एकाच गटात वाढलेल्या करडांचे ओरडणे पाच आठवड्यांच्या वयापर्यंत एकमेकांच्या जवळ आले होते. सख्ख्या नात्याचा ठसा आवाजावर होताच, पण संगतीचाही होता. शेळीसारख्या प्राण्यात हे आढळावे, ही मला फार महत्त्वाची गोष्ट वाटते, कारण तिचा आवाज पूर्णपणे जन्मजात असतो, असेच तोवर धरून चालले जात होते.